शाल-श्रीफळ नको, वर्गातला तास द्या

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

सध्या खान्देशातील शाळांच्या स्नेहसंमेलनांचे दिवस आहेत आणि त्यांची छायाचित्रे आपल्या दैनिकात रोज प्रसिद्ध होत आहेत. नटलेली मुले आणि पालकांची गर्दी पाहून कोणालाही आनंदच वाटेल. मात्र या छायाचित्रांत स्वतः गाणारे मूल क्वचितच दिसते. गाणे ध्वनिक्षेपकातून येते आणि मुले त्यावर नाचतात. नाच बसवून देणारा एखादा तरुण तालुक्याच्या गावाहून पंधरवड्यासाठी बोलावला जातो, त्याचे पैसे मुलांच्या वर्गणीतून भागवले जातात, आणि कार्यक्रम आटोपला की वर्षभर शाळेत सूर म्हणून उरते ती परिपाठातील प्रार्थना. अमळनेर तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत मराठी आणि संगीत हे विषय शिकवून मी निवृत्त झालो, आणि नोकरीच्या काळातही नाट्यगीतांचे कार्यक्रम करत होतो. रंगमंचावर गाणाऱ्या कलावंताने शाळेच्या वर्गात नियमित शिकवणे हा पाश्चात्त्य ऑपेराच्या क्षेत्रात एक रीतसर व्यवसाय झाला आहे. तो आपल्याकडे का व्हायला हवा आणि कसा होऊ शकेल, एवढेच या पत्रात मांडायचे आहे.

ऑपेरा म्हणजे आरंभापासून अखेरपर्यंत बहुतांशी गाण्यातून सांगितलेले नाटक. समोर साठ-सत्तर वादकांचा ताफा वाजत असतो, प्रेक्षागृह दोन-तीन हजारांचे असते, आणि परंपरेने गायकाला माइक नसतो. त्या वाद्यमेळाच्या वरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत कसा पोहोचतो, याचा अभ्यास योहान सुंडबर्ग या स्वीडिश संशोधकाने 1970 च्या दशकात केला. तालीम घेतलेल्या आवाजात, विशेषतः पुरुषांच्या, 3000 हर्ट्झच्या आसपास एक जोरकस पट्टा तयार होतो, तिथे वाद्यमेळाचा जोर कमी असतो, आणि म्हणून आवाज झाकला जात नाही, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे ही किमया घसा ताणण्याची नसून श्वास, कंठ आणि तोंडाची पोकळी यांच्यावरील ताब्याची आहे, आणि तो ताबा मिळवण्यात या गायकांची उमेदीची अनेक वर्षे जातात. आपल्याकडे माइक येण्यापूर्वीचे संगीत नाटकातील नट, फडावरचे तमाशा कलावंत आणि कीर्तनकार हे सगळे याच कसोटीला उतरलेले होते, हे जुन्या श्रोत्यांना सांगायला नको.

एवढी साधना करूनही या गायकांचे उत्पन्न स्थिर नसते. जर्मनीतील अनेक ऑपेरागृहे गायकांना पगारी सेवेत घेतात. अमेरिकेत मात्र प्रमुख भूमिका करणारे बहुतेक गायक एकेका नाटकापुरते करारबद्ध होतात. काही आठवड्यांची तालीम, मोजके प्रयोग, आणि मग पुढच्या कराराची वाट. मार्च 2020 मध्ये न्यूयॉर्कचे मेट्रोपॉलिटन ऑपेरा बंद झाले ते सप्टेंबर 2021 मध्ये उघडले, आणि त्या काळात तेथील कायम वादकांना व समूहगायकांनाही अनेक महिने वेतनाविना काढावे लागले. त्याच उन्हाळ्यात आपल्या खान्देशातील बँडवाले, तमाशा कलावंत आणि लग्नसराईवर वर्ष काढणारे अहिराणी गायकही घरी बसून होते. कलावंताचे पोट एकाच हंगामावर अवलंबून असले की काय होते, ते आपण सर्वांनी तेव्हा पाहिले.

परंतु ऑपेरा गायकांच्या शाळेत जाण्याला केवळ पोटापाण्याची सोय म्हणणे अन्यायाचे होईल. न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरने 1975 मध्ये यासाठी स्वतंत्र संस्था उभारली. रंगमंचावर काम करणाऱ्या नर्तकांना, वादकांना, नटांना वर्गात शिकवण्याची तालीम द्यायची, शिक्षकांबरोबर बसून पाठ आखायचे आणि मग त्यांना शाळेत पाठवायचे, अशी तिची पद्धत होती. मॅक्सिन ग्रीन या तत्त्वचिंतक प्राध्यापिका कित्येक वर्षे त्या कामाला वैचारिक दिशा देत होत्या. एलिनॉर बेल्माँट यांनी 1935 मध्ये स्थापन केलेल्या मेट्रोपॉलिटन ऑपेरा गिल्डने मुलांकडूनच नवी ऑपेरा रचून घेण्याचा उपक्रम चालवला. त्यात कथा, पदे, चाली, नेपथ्य, प्रकाशयोजना सगळे मुलांचे. इंग्लंडमधील ग्लाइंडबोर्न या ऑपेरागृहाने 1986 मध्ये आपला शिक्षण विभाग सुरू केला. शिकवणाऱ्या कलावंतांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद 2012 मध्ये नॉर्वेतील ओस्लो येथे भरली. तिथेही सगळे सुरळीत आहे असे नाही. जवळपास नव्वद वर्षे चाललेल्या मेट्रोपॉलिटन गिल्डने आर्थिक कारणांमुळे स्वतंत्र कारभार आवरत असल्याचे 2023 मध्ये जाहीर केले. पण या कामाला नाव आहे, तालीम आहे, तासाचा दर आहे आणि त्याची चर्चा करणारे व्यासपीठ आहे. आपल्याकडे यांतले काहीही नाही.

याच गायकांनी केलेल्या एका वेगळ्या कामाचाही उल्लेख करायला हवा. 2020 मध्ये इंग्लिश नॅशनल ऑपेराने लंडनमधील इंपीरियल रुग्णालय समूहाच्या साहाय्याने कोविडनंतर दम लागणाऱ्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचा ऑनलाइन वर्ग सुरू केला. गायनाचे तज्ज्ञ शिक्षक रुग्णांना अंगाईगीतांच्या आधारे संथ, खोल श्वास घ्यायला शिकवत. 2022 मध्ये या उपक्रमाची वैद्यकीय चाचणी नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि त्यात रुग्णांच्या मानसिक स्वास्थ्यात सुधारणा झाल्याचे नोंदवले गेले. गाणाऱ्याजवळचे ज्ञान समारंभापुरते नसते, याचा याहून स्पष्ट दाखला मला दुसरा देता येणार नाही.

काही वर्षांपूर्वी मुलीकडे न्यू जर्सीला गेलो असताना नातीच्या शाळेत पालकांसाठी खुला ठेवलेला असा एक वर्ग मी पाहिला. चौथीची मुले होती आणि शिकवणारा व्यवसायाने ऑपेरा गायक होता. खर्जाकडे झुकणारा भरदार आवाज, अंगात साधा स्वेटर, समोर छोटा की-बोर्ड. आल्याबरोबर त्याने गाऊन दाखवले नाही. प्रथम मुलांना जमिनीवर उताणे झोपवले, प्रत्येकाच्या पोटावर वही ठेवली आणि श्वास घेताना वही वर जाते की खांदे उचलले जातात एवढेच पाहायला सांगितले. मग दोन भावंडांच्या भांडणाचा प्रसंग मुलांकडून काढून घेतला. चिडलेल्या बहिणीचे वाक्य चढ्या सुरात जाईल की उतरत्या, यावर मुलांचा चांगलाच वाद झाला. त्याने दोन्ही प्रकारे म्हणून दाखवले आणि निर्णय मुलांवर सोपवला. एवढे झाल्यावर, मुलांनी ठरवलेली ती ओळ त्याने पहिल्यांदा आपल्या पूर्ण आवाजात गायली. आम्ही मागच्या भिंतीला टेकून उभे होतो. तो सूर मला पाठीत जाणवला, आणि पुढच्या रांगेतील एका मुलाने आपला तळहात बाकावर टेकवून ठेवला तो बराच वेळ उचलला नाही.

वर्गशिक्षिका या सगळ्या वेळात बाहेर निघून गेल्या नव्हत्या. त्या फळ्यावर मुलांचे शब्द लिहून घेत होत्या आणि पुढच्या तासाला त्याच शब्दांवर भाषेचा धडा घेणार होत्या. शेवटी एका मुलीने त्याला विचारले की तुम्ही खरे गायक आहात की शिक्षक. तो म्हणाला, दोन्ही, आणि दोन्हीचे पैसे मिळतात. हे उत्तर देताना त्याच्या चेहऱ्यावर कसलाही संकोच नव्हता.

असा वर्ग नेहमीच्या शिक्षकाला घेता येणार नाही का, असे कोणी विचारील. काही भाग येईल. पण आवाजाचे ज्ञान हे रोज आवाज वापरणाऱ्याकडेच मुरलेले असते. आपल्या शाळांत प्रार्थनेची पट्टी बाईंच्या किंवा गुरुजींच्या गळ्याला सोयीची धरली जाते, मुलांच्या गळ्याचा विचार होत नाही. अंतऱ्याला सूर वर गेला की अर्धी मुले ओरडतात आणि उरलेली गप्प होतात. त्यालाच आपण ‘यांना गळा नाही’ म्हणतो. मुलगे सहावी-सातवीत आले की त्यांचा कंठ फुटू लागतो. स्वरयंत्र मोठे होते, स्वरतंतू लांबतात आणि आवाज सुमारे एक सप्तक खाली उतरतो. हा काळ काही महिन्यांचा, क्वचित त्याहून अधिक असतो. या काळात मुलाला चार-पाच सुरांच्या लहान आवाक्यात, न ताणता गात ठेवले तर आवाज सुखरूप बाहेर येतो. आपण त्याच वेळी त्याला समूहगानातून काढून मागे उभे करतो, वर्गात त्याची थट्टा होते, आणि मग तो जन्मात पुन्हा गात नाही. स्त्रीभूमिका करणाऱ्या मुलांमुळे संगीत नाटक मंडळ्यांना या काळाची पुरती जाण होती. आज ती जाण असलेली माणसे आपल्या आसपास आहेत, पण शाळेच्या फाटकाबाहेर आहेत.

आणि ही कल्पना आपल्याला परकी आहे असे म्हणता येत नाही. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर हे मैफलीचे गायक होते आणि त्यांनीच 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून सर्वसामान्य घरांतील मुलांसाठी गाण्याचे दार उघडले. भास्करबुवा बखले यांच्यासारखा देशभर मैफली गाजवणारा गायक धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात संगीत शिकवत होता आणि 1911 मध्ये त्यांनीच पुण्यात भारत गायन समाजाची स्थापना केली. आपल्या जळगावचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. नारायण राजहंस हा मुलगा ‘बालगंधर्व’ होण्यापूर्वी जळगावात मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे गिरवत होता. ज्या गावातील खुल्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे नाव आहे आणि जिथे त्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरतो, त्या गावाला गाणाऱ्या शिक्षकाचे मोल पटवून द्यावे लागू नये.

ऑपेराच्या क्षेत्रातही भारतीय उदाहरण आहे. मुंबईत जन्मलेल्या पॅट्रिशिया रोझारिओ या सोप्रानो, म्हणजे उंच स्त्रीस्वरात गाणाऱ्या, गायिकेने युरोपातील रंगमंचांवर नाव मिळवले, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये अध्यापन केले, आणि त्या पुन्हा पुन्हा भारतात येऊन येथील तरुण गायकांना शिकवत आल्या आहेत. 2016 मध्ये मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस दीर्घकाळानंतर पुन्हा उघडले तेव्हा तिथे त्याच गायल्या. गाणे आणि शिकवणे यांपैकी एकाची निवड करण्याची वेळ त्यांच्यावर आलेली दिसत नाही.

आपल्याकडे मात्र शिकवणे म्हणजे गाणे जमले नाही म्हणून पत्करलेली वाट, असा समज खोलवर बसला आहे, आणि याचे मला फार वाईट वाटते. शिकवण्या घेणाऱ्या गायकाला मैफलीचे आयोजक दुय्यम मानतात आणि मैफल करणाऱ्याला शाळा ‘आमच्या कामाचा नाही’ म्हणते. संगीत विशारद झालेली, स्पर्धा गाजवलेली किती तरी मुले-मुली धुळ्या-जळगावात आहेत. लग्नाच्या संगीत समारंभात गाणे, ऑर्केस्ट्रात उभे राहणे, घरी चार शिकवण्या घेणे आणि परवडत नाही म्हणून पुढे मोबाइलच्या दुकानात किंवा पतसंस्थेत नोकरी धरणे, हा त्यांचा ठरलेला क्रम झाला आहे.

लोककलावंतांचे हाल याहून अधिक आहेत. आमच्या शाळेत एका वर्षी वही गायन हा खान्देशी लोकगायनाचा प्रकार सादर करणाऱ्या एका वृद्ध कलावंताला बोलावले होते. ते डफ घेऊन एस.टी.ने आले. अर्धा तास सत्कारात गेला, वीस मिनिटे गाणे झाले, तेवढ्यात मधली सुट्टी झाली. शाल, श्रीफळ आणि एक समूहछायाचित्र यांवर त्यांची बोळवण झाली. येण्याजाण्याचे भाडेही कोणी विचारले नाही. त्यांना कितीतरी रचना मुखोद्गत होत्या. त्यांतली एकही आमच्या एकाही मुलाच्या तोंडी उरली नाही. जाताना त्यांनी मला एवढेच विचारले की पुन्हा कधी येऊ. माझ्याजवळ उत्तर नव्हते, कारण शाळेच्या वेळापत्रकात त्यांच्यासाठी तास नव्हता आणि जमाखर्चात रकाना नव्हता.

कायद्याने आणि धोरणाने ही वाट बंद केलेली नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक विद्यार्थी असतील तर कलाशिक्षण, आरोग्य व शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत, अशी तरतूद आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तर स्थानिक कलावंतांना शिक्षणात सामावून घेण्याचा आणि शाळेत वा शालेय संकुलात निवासी कलावंत असावेत असा स्पष्ट उल्लेख आहे. प्रत्यक्षात कला म्हणजे चित्रकला असा अर्थ बहुतेक ठिकाणी घेतला जातो. शिवाय आपल्या जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांची पटसंख्या शंभरापासून दूर आहे, त्यामुळे तिथल्या मुलांच्या वाट्याला तो निदेशकही येत नाही. लहान गावातील मुलाने गाणे शिकू नये, असा या हिशेबाचा अर्थ होतो, आणि तो मान्य करण्याचे काही कारण मला दिसत नाही.

माझी सूचना अशी आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्हा परिषदांनी प्रायोगिक स्वरूपात काही केंद्रे निवडावीत. एका केंद्रात दहा-बारा शाळा असतात. प्रत्येक केंद्राला दोन-तीन गाणारे कलावंत जोडून द्यावेत. त्यांनी त्या शाळा आपसांत वाटून घ्याव्यात, प्रत्येक शाळेत आठवड्यातून दोन तासिका याप्रमाणे किमान दहा आठवडे शिकवावे आणि वर्गशिक्षकांनी त्या तासाला वर्गात थांबावे. कलावंत निवडताना केवळ प्रमाणपत्र पाहू नये. कंठसंगीत शिकलेले, नाट्यगीते गाणारे, शाहीर, वही गायक, कानबाई आणि गुलाबाई या खान्देशी लोकोत्सवांची गाणी जाणणाऱ्या स्त्रिया, या सगळ्यांना त्यात स्थान असावे. सातपुड्यातील धडगाव, अक्कलकुवा या भागांतील आश्रमशाळांत पावरी हे फुंकून वाजवायचे आदिवासी वाद्य वाजवणारे आणि त्या मुलांच्या घरच्या भाषेत गाणारे कलावंत जावेत. घरी रात्रभर गाणी ऐकणारे मूल शाळेत आले की मुके होते, हे तिथल्या शिक्षकांनी मला अनेकदा सांगितले आहे.

चांगला गायक हा चांगला शिक्षक असतोच असे नाही, ही शंका रास्त आहे. म्हणूनच वर्गात पाठवण्यापूर्वी तालीम हवी. पस्तीस मुलांचा वर्ग कसा सांभाळायचा, बुजलेल्या मुलाला कसे बोलते करायचे, चुकीचा सूर लागला तर काय म्हणायचे आणि काय म्हणायचे नाही, हे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांना शिकवता येईल. नियमित शिक्षकांच्या जागांवर यामुळे गदा येईल अशी भीती संघटनांना वाटू शकते. म्हणून हे कलावंत नियमित पदांऐवजी नव्हे, तर त्यांच्या जोडीने नेमले जातील, हे आदेशातच लिहिले पाहिजे.

राहिला पैशाचा प्रश्न. मानधन तासिका तत्त्वावर असावे, त्यात प्रवासखर्च धरलेला असावा आणि ते महिन्याच्या महिन्याला मिळावे. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्यांचे पैसे सहा-सहा महिने अडकून पडल्याचे मी जवळून पाहिले आहे. पोटासाठी कार्यक्रमांची सुपारी घेणारा कलावंत तेवढा काळ थांबू शकत नाही आणि योजना तिथेच मोडते. जिल्हा वार्षिक योजनेतील नावीन्यपूर्ण उपक्रमांच्या निधीतून आणि येथील उद्योगांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या निधीतून एका वर्षाचा प्रयोग निभावणे अवघड नाही. ध्वनिक्षेपक आणि मंडपावर आज शाळा जो खर्च करतात, त्यातला काही भागही इकडे वळवता येईल.

जून महिन्यात नवे शैक्षणिक वर्ष सुरू होते. त्याआधी, मार्च-एप्रिलमध्ये, इच्छुक कलावंतांची नावे तालुका पातळीवर गटशिक्षणाधिकाऱ्यांनी मागवावीत आणि निवड झालेल्यांची तालीम मे महिन्यात पूर्ण व्हावी, अशी तिन्ही जिल्ह्यांच्या शिक्षणाधिकाऱ्यांना आपल्या दैनिकामार्फत माझी विनंती आहे. आमच्या तालुक्यातील कलावंतांची नावे, त्यांचा गायनप्रकार आणि त्यांना कोणत्या वारी वेळ आहे, याची यादी करण्याचे काम मी विनामूल्य करून देण्यास तयार आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त संगीत शिक्षक,
अमळनेर, जि. जळगाव